खेड्यातल्या हौशी खगोल मंडळाचं वर्षाचं वेळापत्रक : व्याख्यानं, निरीक्षणाच्या रात्री आणि त्यांची तयारी (विदर्भ)

पैनगंगा_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांतल्या खगोल मंडळांनी वर्षाचे कार्यक्रम कसे लावावेत यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. इंटरनेटवरची तयार खगोल दिनदर्शिका उचलली की आपल्याकडे ती जुलैतच कोलमडते. ऑगस्टचा ययाती उल्कावर्षाव तिच्यात ठळक अक्षरात असतो, आणि त्या रात्री आपल्या डोक्यावर ढगांशिवाय काही नसतं.

माझं पहिलं म्हणणं: गावासाठीचा कार्यक्रम आणि सभासदांचा कार्यक्रम एकाच रात्री ठेवू नका. गावासाठी शुद्ध सप्तमी ते दशमी. अंधार पडताच चंद्र वर असतो, उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं लांब सावल्यांमुळे उठून दिसतात, आणि सगळं नऊ-साडेनवाच्या आत आटोपतं. सभासदांसाठी अमावस्येला लागून येणारा शनिवार. सप्तमीच्या रात्री देवयानी दीर्घिका शोधायला बसलेला सभासद वैतागतो आणि अमावस्येला आलेल्या गावकऱ्याला दुर्बिणीत फक्त धूसर डाग दिसतात. तिथीनुसार आखण्यात आणखी एक सोय आहे, तारीख विसरली तरी तिथी घराघरात माहीत असते.

कोजागरीला लोक आपणहून जमतात, पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट आणि डोळे दिपवणारा. त्या रात्री चंद्राऐवजी गुरू किंवा शनी वर असेल तो लावा, नाहीतर नुसतं व्याख्यान ठेवा.

महिन्यांचा आराखडा असा धरला आहे:

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर आकाश बंद. महिन्याला एक व्याख्यान आणि एक हातकामाचा रविवार. पोळा, तान्हा पोळा आणि पुढे गणपती, या काळात काही ठेवू नये. ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, पण सोयाबीनची काढणी-मळणी जोरात असते. थ्रेशर शेजारच्या वावरात चालू असेल तर भुसा आरशावर बसतो आणि निम्मे सभासद स्वतःच खळ्यावर असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, म्हणून फक्त सभासदांच्या रात्री. मे महिन्यात शून्य सावली (मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस) आणि दक्षिणेचं आकाश.

आठवडी बाजाराचा दिवस आणि शेवटच्या एसटीची वेळ पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये, हे सांगायला नकोच.

आता व्याख्यान, रांग, वीज आणि रात्रीची सुरक्षितता यावर जाणकारांनी लिहावं.

---

झेडपी_मास्तर

आराखडा पटला. व्याख्यानाच्या बाजूचं लिहितो.

वीज. गावात संध्याकाळी जाते असं धरूनच चला. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे उरले ९००, आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारं वजा केलं की साधारण ७५०. प्रोजेक्टर २८० वॉट, लॅपटॉप ६०. दोन तास निघतात, त्याच्या पुढे नाही. ध्वनिक्षेपक त्याच बॅटरीवर टाकलात तर व्याख्यान मधेच आडवं होतं. त्याला वेगळी बॅटरी द्या किंवा चार्जिंगचा स्पीकर आणा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच पाहिजे. स्क्वेअर वेव्हवर काही प्रोजेक्टर चालू होऊन दहा मिनिटांत बंद पडतात आणि स्पीकर गुणगुणतो. जनरेटर शक्यतो नको. आवाज तर आहेच, शिवाय पुढे त्याच मैदानावर निरीक्षण करायचं असेल तर त्याची गरम हवा आणि धूर दुर्बिणीसमोर येतो.

जोडण्या. शाळांमधल्या जुन्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए असतं, वक्त्याच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय किंवा टाइप-सी. दोन्ही ॲडॉप्टर मंडळाच्या पेटीत कायम ठेवा. सादरीकरणाची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आदल्या दिवशी मागून घ्या, कारण मराठी फाँट दुसऱ्या लॅपटॉपवर हमखास मोडतो. व्हिडिओ वेगळे मागा आणि चालवून पाहा.

पडदा. बिछायत केंद्रातून पांढरी चादर आणली तर तिच्यामागे काळा कपडा लावा, नाहीतर निम्मा प्रकाश आरपार जातो. तारकासमूहांच्या काळ्या पार्श्वभूमीच्या पाट्या पूर्ण अंधारातच दिसतात, म्हणून खिडक्यांना सतरंज्या टांगायची तयारी ठेवा.

वेळ. हिवाळ्यात साडेसहा ते सव्वासात व्याख्यान, लगेच मैदानात. पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे एक मिनिट नको. व्याख्यानाचा विषय त्याच रात्री दुर्बिणीत दिसणाऱ्या वस्तूचाच असावा, हा नियम करा. 'कृष्णविवरं' ऐकून बाहेर आलेल्या माणसाला तुम्ही काय दाखवणार? त्यापेक्षा 'ताऱ्यांचा जन्म' आणि लगेच मृगातला तेजोमेघ, किंवा 'तारकागुच्छ' आणि लगेच कृत्तिका.

बोलण्याची पद्धत. आपल्या भागाने गाडगेबाबांची कीर्तनं ऐकली आहेत. बाबा समोरच्याला प्रश्न विचारत, उत्तर त्याच्याच तोंडून काढत पुढे जात. वक्त्याला आधीच सांगा की दर पाच मिनिटांनी श्रोत्यांना एक प्रश्न विचारायचा. मुलं जागी राहतात, मोठीही.

बाहेरगावच्या वक्त्याला तीन गोष्टी लेखी कळवा: जवळचं रेल्वे स्टेशन आणि तिथून न्यायला कोण येणार, मुक्काम कुठे, आणि आकाश ढगाळ असलं तरी व्याख्यान होणारच.

---

सहा_इंची

रांगेचा हिशेब मांडतो. बहुतेक मंडळांकडे १५० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने वळवायची दुर्बीण) असते. २५ मिमी आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट, १० मिमीने १२० पट. साध्या प्लॉसल आयपीसचं दृश्यक्षेत्र सुमारे ५० अंश धरा, म्हणजे ४८ पटीला आकाशाचा एक अंशाचा तुकडा दिसतो आणि १२० पटीला २५ कला (एक अंश म्हणजे ६० कला).

पृथ्वी फिरते म्हणून आकाशाच्या विषुववृत्ताजवळची वस्तू मिनिटाला १५ कला सरकते. १० मिमीने शनी लावला तर एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जायला त्याला जेमतेम १ मिनिट ४० सेकंद लागतात. मधोमध लावला तर त्याच्याही निम्मे. गावकरी वाकून, डोळा लावून, 'दिसलं' म्हणेपर्यंत ३५ ते ४० सेकंद जातात. म्हणजे दर दुसऱ्या माणसानंतर नळी हलवलीच पाहिजे. हे न सांभाळल्याने तिसऱ्या-चौथ्या माणसाला कोरं आकाश दिसतं, आणि तो भिडेखातर 'हो हो, दिसलं' म्हणून पुढे जातो. चालकाने माणसाला विचारावं: 'कडं कोणत्या बाजूला कललेलं आहे?' उत्तर आलं तर दिसलं.

युक्ती अशी की वस्तू मधोमध न लावता ती ज्या काठाने आत येते तिथे लावायची. पूर्ण दीड मिनिट मिळतं.

एका दुर्बिणीवर तासाला ९० माणसं, त्याच्या वर नाही. दोनशे लोक अपेक्षित असतील तर तीन दुर्बिणी लावा आणि तिघींवर वेगळ्या वस्तू ठेवा: एकीवर २५ मिमीने अख्खा चंद्र, दुसरीवर ग्रह, तिसरीवर कृत्तिका. बार्लो लेन्स (पट वाढवणारं जादा भिंग) रांगेत वापरू नका. वाढवलेल्या पटीत वस्तू पळते आणि जमिनीची उष्णता चित्र हलवते.

बाकी बारीक गोष्टी:

वस्तू डोक्यावर असेल तर आयपीस साधारण सव्वा मीटर उंचीवर येतं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी भक्कम स्टूल ठेवा आणि पाठीची खुर्ची दुर्बिणीला न टेकवता बाजूला उभी करा. माणसाला हाताने धरायला काहीतरी लागतं. ते मिळालं नाही तर तो नळी धरतो.

चष्मा फक्त लांबच्या-जवळच्या नंबरचा असेल तर काढून फोकस फिरवता येतो. पण पुढच्या माणसासाठी चालकाने फोकस परत आणायचा, हे विसरलं जातं.

दुर्बीण कार्यक्रमाच्या तासभर आधी बाहेर काढा. खोलीतला गरम आरसा थंड होईपर्यंत तारे फुगलेले दिसतात. आणि बोलेरोत, कच्च्या रस्त्याने आणली असेल तर आरशांची सरळ रेषा (कॉलिमेशन) उजेड असतानाच तपासा.

---

धानपट्टा

गोंदिया-गडचिरोलीकडून लिहून राहिलो. जागेबद्दल थोडं कडक बोलतो.

जंगलाच्या कडेला 'अंधार छान आहे' म्हणून माणसं न्यायची नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या पट्ट्यात वाघाचा वावर गावाला लागून आहे. गावाबाहेरची झेडपी शाळा, तिचं कुंपण घातलेलं मैदान, हीच जागा. गच्ची असेल तर आणखी बरी, पण गच्चीचा सिमेंटचा थर रात्री नऊपर्यंत तापलेला राहतो आणि ग्रह थरथरतात. म्हणून गच्चीवर ग्रह उशिरा लावा.

दुसरं, धुरे ओलांडून वावरात शिरायचं नाही. रानडुकरांसाठी तारा लावलेल्या असतात. झटका मशीन असेल तर नुसता झटका बसतो, पण काही ठिकाणी तारेत सरळ लाइनचा करंट सोडलेला असतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. डिसेंबर-जानेवारीत तूर डोक्याएवढी उभी असते, तिच्यात काय बसलं आहे ते दिसत नाही. शेतात कार्यक्रम करायचाच तर मालक स्वतः सोबत पाहिजे, आणि दिवसा जागा फिरून, हद्द चुन्याने आखून ठेवायची. चालताना पांढरा टॉर्च आणि बूट, दुर्बिणीजवळ आल्यावर लाल. लाल उजेडाच्या नादात पायाखालची घोणस दिसत नाही.

पोलीस पाटलाला आणि ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या. रात्री मैदानात हिरवा लेझर फिरताना पाहून लोक घाबरतात.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल: लाइनमनला सांगून फीडरचे दिवे तासभर बंद होतात, पण सोलर दिव्यांना स्विच नसतो. शिडी लावून दिव्याला काळं पॉलिथिन बांधायचं, आणि रात्रीच काढायचं. सकाळी आठवण राहत नाही आणि गाव आठवडाभर अंधारात बसतं.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. क्षितिजापासून वीसेक अंशांपर्यंत धुराचा पट्टा राहतो. दक्षिणेचं आकाश पाहायचं तर एखादी वळवाची सर पडून गेल्यावरची रात्र धरा.

---

रोहिणी_शकट

धानपट्टा भाऊंनी दक्षिणेचं नाव काढलं, तिथूनच पुढे जाते. सभासदांच्या कार्यक्रमात आपल्या अक्षांशाचा फायदा घेतलाच जात नाही.

यवतमाळ २०.४ अंशांवर आहे. ध्रुव तारा जेमतेम २० अंश वर, पण बदल्यात दक्षिण उघडी. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ आपल्याकडे २२ अंशांपर्यंत चढतो. दिल्लीला तो १४ अंशांवर धुळीत असतो. एप्रिलच्या मध्यात तो रात्री बाराच्या सुमारास दक्षिणेला सर्वोच्च येतो, मेच्या मध्यात दहाच्या सुमारास. त्याच वेळी त्रिशंकूचा वरचा तारा क्षितिजावर १२ अंश, खालचा सहा. दक्षिणेला झाडं, टेकडी किंवा तालुक्याचा उजेड नसलेली जागा हिवाळ्यातच हेरून ठेवा. हिवाळ्यात अगस्त्य १७ अंशांवर येतो. तो कुठून नीट दिसतो ते पाहिलं की त्रिशंकूची जागा ठरते.

सभासदांच्या रात्रीला काम पाहिजे. नुसतं 'या, बघू' म्हटलं की तिसऱ्या अमावस्येला चार जण उरतात. माझी सूचना: प्रत्येकाने वही आणायची, प्रत्येक रात्री तीनच वस्तू. एक सोपी, एक मध्यम, एक अवघड. सोपी सगळ्यांनी शोधायची, अवघडीवर दुर्बिणीजवळच्या जाणकाराची मदत. दुर्बिणीत पाहून पेन्सिलने चित्र काढायचं, वेळ आणि आयपीस लिहायचं. पाच मिनिटं चित्र काढणाऱ्याला जे दिसतं ते झटकन डोळा लावणाऱ्याला दिसत नाही.

मिथुन उल्कावर्षाव, १३-१४ डिसेंबर, आपला वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम असावा. आकाश स्वच्छ, उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) पुनर्वसूजवळ, संध्याकाळी सातच्या पुढेमागे उगवतो आणि रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून आठ ते दहा कार्यक्रम करून घरी जाण्यात मजा निघून जाते. पहाटेपर्यंत ठेवा, फक्त सभासदांसाठी. या उल्कांचं मूळ धूमकेतू नसून फेथॉन हा लघुग्रह मानला जातो, त्यावर संध्याकाळी व्याख्यान होऊ शकतं.

मोजणीची पद्धत: प्रत्येकजण सतरंजीवर आडवा, आपापल्या दिशेला तोंड. एकाने पाहिलेली उल्का दुसऱ्याने मोजायची नाही, आणि सगळ्यांचे आकडे मिळून एक बेरीज करायची नाही. प्रत्येकाची नोंद स्वतंत्र. दर पंधरा मिनिटांचा गट, प्रत्येक उल्केपुढे 'मिथुन' किंवा 'इतर', अंदाजे तेज, आणि दर तासाला डोळ्यांना दिसणारा सर्वांत मंद तारा कोणता ते. हे शेवटचं नसेल तर दोन गावांच्या नोंदी ताडून पाहता येत नाहीत. मोबाइलवर बोलून नोंद करायची, स्क्रीन उघडायची नाही. एकदा पांढरा स्क्रीन पाहिला की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात.

आणखी एक. गोंड समाजाच्या आकाशज्ञानावर मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांचं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, आणि त्यासाठीची माहिती आपल्याच भागातल्या गावांमधून गोळा झाली होती. त्यात सप्तर्षींच्या चौकोनाला खाट मानलं आहे. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांना एका रात्री मैदानात बसवून त्यांच्याकडून तारे ओळखून घ्यावेत. लेझर त्यांच्या हातात न देता, ते बोट दाखवतील तिथे सभासदाने लेझर न्यायचा आणि दुसऱ्याने नकाशावर खूण करायची.

---

पैनगंगा_काठ

ताई, तीन वस्तूंची कल्पना फार आवडली. डिसेंबर अमावस्येसाठी कोणत्या तीन सुचवाल?

---

रोहिणी_शकट

सोपी: मृगातला तेजोमेघ. मध्यम: ययाती आणि शर्मिष्ठा यांच्या मधला जोडगुच्छ, २५ मिमीने दोन्ही एकाच क्षेत्रात मावतात. अवघड: वृषभातला खेकडा तेजोमेघ, १०५४ मध्ये दिसलेल्या महानवताऱ्याचा अवशेष. तो नुसता फिका लांबट डाग दिसतो, म्हणून आधी फोटो दाखवू नका.

---

ओळंबा

शून्य सावलीबद्दल, कारण त्यावर विदर्भात दरवर्षी चुका होतात.

सूर्याची क्रांती (आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर) आपल्या अक्षांशाएवढी झाली की मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर. चंद्रपूरला २० मेच्या सुमारास, यवतमाळला २२, बुलढाण्याला २३, नागपूरला २६, गोंदियाला २८. दुसरा दिवस जुलैत येतो, तो ढगात जातो. त्यामुळे मे एवढाच.

घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला. प्रत्येक अंशाला चार मिनिटं. यवतमाळ ७८.१ अंशांवर म्हणजे साडेसतरा मिनिटं उशीर, त्यातून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेळसमीकरणाची (सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतल्या फरकाची) सुमारे तीन मिनिटं वजा. उत्तर १२ वाजून १४ मिनिटं. गडचिरोली १२.०७, बुलढाणा १२.२२. बारा वाजता लोकांना जमवून 'सावली तर आहे' असं होतं ते यामुळे.

सामान: तीन इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकं कटरने काटकोनात कापलेली. सपाट लादी किंवा काच. गवंड्याची लेव्हल पट्टी आणि ओळंबा. लादीखाली कागदाच्या घड्या सरकवून लेव्हल दोन दिशांना, एकमेकींना काटकोनात, जुळवा. एकाच दिशेला पाहिली तर दुसऱ्या दिशेचा कल राहून जातो. मग पाइप उभा करून ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा.

हे का महत्त्वाचं? ३० सेंटिमीटरच्या पाइपला एक अंशाचा कल असेल तर सावली ५ मिलिमीटर पडते. या दिवसांत क्रांती रोज ११ ते १२ कला बदलते, म्हणजे एक अंश चुकला की तारीख पाच दिवसांनी चुकली. दुसरीकडे, सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळे नेमक्या दिवसाच्या आदल्या-दुसऱ्या दिवशीही सावली जवळजवळ नाहीशीच दिसते. एक दिवस ढगाळ गेला तर कार्यक्रम दुसऱ्या दिवशी घ्यायला हरकत नाही.

पाइपच्या आत पाहायला सांगा: प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ तळाशी टेकलेलं दिसतं. बाहेरची सावली जाण्यापेक्षा मुलांना ते जास्त भिडतं. मात्र पाइपमधून वर सूर्याकडे कोणी पाहू नये, म्हणून पाइप लादीवरच ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका.

ऊन. मे महिन्यात विदर्भात भर दुपारी कार्यक्रम म्हणजे ४४-४५ अंश. अर्ध्या तासाचाच ठेवा, ११.५५ ते १२.२५. शाळेच्या व्हरांड्यात बसवा, बाहेर फक्त मध्यान्हीच्या पाच मिनिटांसाठी. पाण्याची कॅन, ओआरएस, डोक्याला दुपट्टा. शाळांना सुट्टी असते, म्हणून निरोप ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून.

सावलीची वाट पाहताना वर्गात सूर्यबिंब दाखवता येतं. एक सेंटिमीटरच्या आरशाचा तुकडा एका चेंडूला चिकटवा, चेंडू वाटीसारख्या कड्यात बसवा म्हणजे हवा तसा वळतो. आरसा उन्हात, भिंत अंधाऱ्या वर्गात. २० मीटर अंतरावर बिंब साडेअठरा सेंटिमीटरचं पडतं. अंतर १० मीटरच असेल तर आरसा कागदाने झाकून ५ मिलिमीटरचं भोक ठेवा, नाहीतर बिंबाच्या कडा पुसट होतात. बिंब मिनिटाला आठ-नऊ सेंटिमीटर सरकतं, एका मुलाला चेंडू वळवण्याचंच काम द्या. भोवती दोरी बांधा, आरशातल्या किरणाच्या रेषेत कोणाचे डोळे येता कामा नयेत.

---

काळा_दगड

पावसाळ्यातल्या व्याख्यानांना विषय मिळत नाहीत असं ऐकू येतं. आपल्या भागात आकाशातून येऊन पडलेलं इतकं आहे की चार महिने पुरावं.

लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्ट खडकात आघाताने झालेलं विवर. चंद्रावरची मैदानं बेसाल्टचीच, म्हणून चंद्राच्या विवरांशी तुलनेला लोणारचं महत्त्व. व्याख्यान आधी, सहल नंतर, पण सहल पाऊस ओसरल्यावर. उतारावरची वाट ओली असताना घसरते. ते अभयारण्य आहे, दगड उचलायचा नाही, हे बसमध्येच बजावा.

काटोल. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. वर्गवारी एल-६ कॉन्ड्राइट (दगडी अशनीचा एक प्रकार). पुढे २०२१ मध्ये त्या दगडात ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात, शेकडो किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली असतं. अवकाशातल्या टकरीत तसा दाब क्षणभर निर्माण झाला.

सिंदेवाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशात जळत्या तुकड्यांची रांग दिसली आणि लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, परिसरात गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. उल्का आणि रॉकेटचा कचरा यांत फरक कसा करायचा, यावर हे व्याख्यान बांधा: उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारा कचरा आठ किलोमीटरच्या आसपास, म्हणून तो सावकाश, मिनिटभर, तुकडे तुकडे होत आडवा जातो.

या व्याख्यानांना लोक घरातला 'आकाशातून पडलेला दगड' घेऊन येतात. त्यासाठी टेबल वेगळं मांडा. चुंबक लावून निकाल देऊ नका. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, चुंबक थोडा ओढला जातोच, आणि जुन्या भट्टीची मळी तर छान ओढली जाते. घनता मोजा. तराजूला दगड दोऱ्याने टांगून हवेतलं वजन घ्या, मग बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता. हवेत ३४० ग्रॅम आणि पाण्यात २४० आलं तर घट १००, घनता ३.४. कॉन्ड्राइट त्याच्या आसपास असतात, बेसाल्ट सहसा तीनच्या खाली. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर तो जवळजवळ नक्कीच आपला स्थानिक. अशनीवर पातळ काळं वितळलेलं कवच असतं, आणि कोपरा घासला तर आत धातूचे चमकते ठिपके दिसतात. पण घासण्याचं काम टेबलावर करू नका. संशय बळकट वाटला तर तहसीलदारांना आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवायचं.

---

नवा_सभासद

दोन शंका. डिसेंबरात दव पडून आयपीस धुकतं, काय करावं? आणि लेझर थंडीत मंद होतो, तो खराब झाला का?

---

सहा_इंची

लेझर खराब नाही. हिरव्या लेझरचा डायोड आणि स्फटिक दहा अंशांच्या आसपास नीट काम करत नाहीत. खिशात, अंगाजवळ ठेवा. आणि लेझर फक्त एकाच जबाबदार माणसाकडे, पाच मिलिवॉटचाच, विमान दिसलं की बंद.

दव: आयपीस पुसू नका. पुसलं की दोन मिनिटांत परत धुकतं आणि धुळीचे ओरखडे पडतात. एक डोळ्यावर, दुसरं खिशात, अशी आलटून पालटून वापरा. नळीच्या तोंडाला योगा मॅटचा काळा गुंडाळा लावा, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब, आतला दुय्यम आरसा बराच वेळ कोरडा राहतो. परत नेताना नळी लगेच झाकू नका. आडवी ठेवून, तोंड उघडं, पंख्याखाली वाळवा. ओली नळी टोपण लावून पेटीत गेली की पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते.

---

झेडपी_मास्तर

ग्रहणाचं कोणीच लिहिलं नाही. ३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास चंद्रग्रहण आहे. ग्रहणाचा मध्य रात्री १०.२० च्या सुमारास, खग्रास अवस्था तासाहून अधिक, चंद्र उंच, हवामान उत्तम. गावासाठी याहून सोयीचं ग्रहण क्वचित मिळतं. ग्रहण सुरू असताना मैदानात सगळ्यांसाठी पोहे ठेवावेत असं माझं मत.

---

धानपट्टा

मास्तर, पोहे ठेवा जी, पण आग्रह करू नका. ज्या बाया घराबाहेर पडत नाहीत त्यांच्या अंगणात दुर्बीण न्या. चंद्रग्रहण तर डोळ्यांनी दिसते, एक १० बाय ५० ची द्विनेत्री घेऊन सभासदाने चार घरं केली तरी त्या बाया पाहतील. गरोदर सुनेला सासूच आणून दाखवते, फक्त सगळ्यांपुढे नको असतं तिला.

---

ओळंबा

सहमत. सूर्यग्रहणाला मात्र आग्रह धराच, चष्म्याचा. आयएसओ १२३१२-२ छापलेले, ओरखडा किंवा टाचणीएवढं भोक नसलेले. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, काही चालत नाही. वेल्डिंगची काच असेल तर १४ नंबर. दुर्बिणीला सौर फिल्म नळीच्या तोंडाशी, चिकटपट्टीने बांधलेली, आणि शोधकाचं (नळीवरच्या छोट्या दुर्बिणीचं) टोपण घट्ट लावलेलं किंवा शोधकच काढलेला. मुख्य नळीला फिल्म लावून शोधक उघडा ठेवणं ही सर्वांत धोक्याची चूक आहे.

---

रोहिणी_शकट

सहलीसाठी एक राहिलं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (अंधारं आकाश जपलेल्या उद्यानाचा) दर्जा मिळाला, भारतातलं असं पहिलंच. सभासदांसाठी वर्षातून एक अमावस्या तिथे ठरवा, परवानगी आणि मुक्काम आधी पक्का करून. त्याच दौऱ्यात नागपूरला रमण विज्ञान केंद्राचं तारांगण दुपारी होऊन जातं.

शनीबद्दलही सांगते. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशी. आता ती वर्षागणिक उघडत जातील, २०३२ पर्यंत. प्रत्येक हिवाळ्यात एकाच आयपीसने, एकाच आकाराच्या वर्तुळात शनीचं चित्र काढून ठेवायचं काम शाळकरी सभासदांना द्या.

---

पैनगंगा_काठ

सगळ्यांचे आभार. आराखड्यात हे बदल करतोय: मिथुन उल्कावर्षाव पहाटेपर्यंत, मोजणीचे तक्ते छापून. ऑगस्टला अशनींचं व्याख्यान, तराजू आणि बादलीसह. मेच्या कार्यक्रमाची वेळ गावागणिक वेगळी छापणार. सोलर दिव्यांचं पॉलिथिन त्याच रात्री काढण्यासाठी दोन नावं वहीत लिहून ठेवणार. काळा_दगड भाऊ, घनतेसाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालेल का, की हुकाचाच लागेल?

---

काळा_दगड

चालेल. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, मग दगड दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला आणि भांड्याच्या कडेला न लागता. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतील तेवढे घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. हवेतलं वजन भागिले तो आकडा. दगड ओला करण्याआधी कोरडं वजन घ्या, आणि दोरा नायलॉनचा ठेवा, सुती दोरा पाणी पितो.